ट्रायल रूममधल्या तिघी

शिंप्याची चौथी बायको काजं करण्यात वाकबगार होती. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून तीनदा विधुर झालेला नवराही तिनं गोड मानून घेतला. दुकान आणि मागचं घर दाखवताना शिंप्यानं एवढंच बजावलं, की ट्रायल रूमची कडी काढायची नाही. तो स्वतःही त्या दाराकडे पाठ करूनच मशीनवर बसायचा. गिऱ्हाइकांना कपडे घरी जाऊन घालून बघायला सांगायचा.

असं बजावल्यावर कोण गप्प बसेल? एका दुपारी तो कापड आणायला गेला आणि हिनं कडी काढली. आत तीन बायका दाटीवाटीनं बसून तुरपाई करत होत्या. कापड नव्हतं, दोरा नव्हता, तरी हात चालू होते. तिघींच्या गळ्याभोवती टेपच्या रुंदीचा निळसर पट्टा होता.

पहिलीनं तिच्या उतरत्या खांद्यांना नाक मुरडलं. दुसरीनं काजांना नावं ठेवली. मेल्या तरी सवती त्या सवतीच, असं मनात येऊन तिला भीतीतही हसू आलं. तिसरीनं मात्र जवळ बोलावलं.

"बाई गं, तो गळ्याचं माप सगळ्यात शेवटी घेतो. तेव्हा पळ. आणि एक कर, त्याला इथं येऊ देऊ नकोस. एवढ्या एका खोलीत तो पाऊल टाकत नाही. आमचं सुख म्हणशील तर एवढंच."

तिनं शब्द दिला.

पुढच्याच आठवड्यात शिंप्यानं तिच्यासाठी नवं कापड काढलं. छाती झाली, कंबर झाली, बाही झाली. पळायचं ठरलं होतं, पण पळून जायचं कुणाकडे? पाय जागचे हलले नाहीत. टेप गळ्याभोवती आली आणि आवळू लागली. तिला फक्त जगायचं होतं. हाताला कात्री लागली, ती तिनं त्याच्या छातीत खुपसली.

तो कोसळला तेव्हा समोरून एक गिऱ्हाईक रस्ता ओलांडत होतं. तिचं डोकं चालेना. बाहेरून कडी असलेली खोली एकच होती. तिनं त्याला पायांना धरून आत ओढलं, कडी घातली आणि हसतमुखानं गिऱ्हाइकाचं कापड घेतलं.

ते गेल्यावर तिला कळलं, आपण काय केलं.

आतली तुरपाई थांबली होती. दारावर हलकेच नखं वाजली.

"बाई गं, कडी काढ." तिसरीचा आवाज होता.

तिचा हात कडीवर गेला.

"सरळ उभ्या राहा," आतून शिंपी शांतपणे म्हणाला. "एकेकीनं."

तिनं हात मागे घेतला.

आता दुकान तीच चालवते. दाराकडे पाठ करूनच मशीनवर बसते. गिऱ्हाइकांना सांगते, कपडे घरी जाऊन घालून बघा.