राखाडी रंगाचा पीस

धनेशभाई नव्या रंगाचा पीस घेऊन आला, तेव्हा आईला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. चपला बाहेर काढून तो तिच्या फोटोसमोर जरा वेळ उभा राहिला. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला खेळण्यातला रोबो माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, दिवाळीचा माल आहे. मावशी हो बोलल्याशिवाय आपण एक पण कलर काढला नाय. तुम्ही बघा ना."

"मी शाळेत मराठी शिकवते, धनेशभाई."

"हां, तर मुलांचं तुम्हालाच जास्त समजणार."

नवघरला आमच्या चाळीमागे कारखान्यांचे गाळे होते. त्यातल्या एकात धनेशचं प्लास्टिकचं मशीन चाले. हातपाय दुमडले की ट्रक होणारा रोबो तो बनवायचा, आणि सुटे भाग जोडायचं काम आई घरी आणायची. साचा वर्षानुवर्षं तोच. दिवाळी आली की फक्त वितळवायच्या प्लास्टिकच्या दाण्याचा रंग बदलायचा आणि खोक्यावर नवं नाव यायचं. पण रंगाबरोबर प्लास्टिकचा स्वभावही बदलतो, असं आई म्हणायची. एखाद्या रंगाचे सांधे ढिले पडतात, एखाद्याचे आवळून बसतात. पाय निघत नसले की ती बाबांना हाक मारी, "अहो, धरा जरा." बाबा रोबोच्या छातीवर अंगठा दाबून धरत, ती पाय ओढून काढी. दोघं लागले की तो रंग नापास. पोरानं खेळायला दुसरा माणूस कुठून आणायचा, असं तिचं म्हणणं.

हा पीस राखाडी होता, हात नारिंगी. रंग वाईट नव्हता. मी ट्रक करून पाहिला. परत रोबो करताना पाय निघेनात. खूप ओढल्यावर एक निघाला, आणि तो दुसऱ्यापेक्षा किंचित लांब होता. पोटरीवर अंगठ्याचा ठसा होता, आत रुतलेला. रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्यांच्यामधून एक तिरका व्रण गेला होता.

विळीवर कापलेला आईचा अंगठा मी लहानपणापासून रोज पाहिला होता.

"गरम असताना कुणी हात लावला होता का याला?"

"मशीनमधून सीधा ट्रेमध्ये पडतो, मॅडम. हात कोण लावणार? भाजेल ना."

मी नापास म्हटलं. सांधा आवळतोय, एवढंच कारण दिलं.

आमच्या घरात भूतखेत कधी मानलं नाही. आईचं बौद्ध पद्धतीनं पुण्यानुमोदन झालं, खीर वाटली, वंदना झाली, कुणी कावळ्याची वाट पाहिली नाही. आलेल्यांना बाबांनीच सांगितलं होतं, माणूस गेलं की गेलं. त्यानंतर मात्र ते बोलेनासे झाले. जेवायला वाढलं की ताटाकडे बघत बसायचे.

पुढच्या आठवड्यात धनेशने पांढरा पीस आणला. साचा घासूनपुसून घेतला होता. तोच एक पाय अजून लांब झाला होता. ठसा तोच, जास्त खोल. आणि आता छातीवरही एक होता, रुंद, मोठ्या अंगठ्याचा.

मी तो झाकायच्या आत बाबांनी माझ्या हातातून पीस घेतला. छातीवरच्या खळग्यात अंगठा ठेवला. तो नीट बसला.

"तिला एकटीला जमत नाहीये," ते म्हणाले.

"बाबा, प्लास्टिक आहे ते. गरम असताना दबलं असेल."

"असेल की." त्यांनी पीस मला परत दिला. त्या दिवशी ते नीट जेवले. आमटी मागून घेतली.

मला ते बघवेना. ती त्यांना बोलावत होती, आणि ते जायला तयार होते. मी धनेशला निरोप पाठवला, आता काहीही घरी आणायचं नाही, मीच येते.

शनिवारी शाळा सुटल्यावर गाळ्यात गेले. वितळल्या प्लास्टिकचा वास घशाशी बसत होता. धनेशने परत राखाडी दाणा घातला होता.

"शेवटचा, मॅडम. हा पण फेल तर मागच्या वर्षीचा लालच चालवतो."

भाग ट्रेमध्ये पडले. मी नजर हलवली नाही. निवल्यावर त्याने माझ्यासमोर ते जोडले.

छाती कोरी होती. पाय सारखे. कुठेही ठसा नाही. मी एका हाताने पाय ओढले आणि ते अलगद बाहेर आले.

दहा वेळा करून पाहिलं. दहाही वेळा.

"पास," मी म्हटलं. माझा आवाज मलाच हलका वाटला.

"बोललो ना, मावशीचा हाथ आहे तुमच्या हातात."

घरी आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा खाटेवर बसले होते. खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. उजवा हात पुढे धरलेला, बोटं कशाभोवती तरी वळलेली. हातात काही नव्हतं.

"बाबा, काय करताय?"

"तिनं सांगितलं, धरा जरा."

"सोडा, बाबा."

"आत्ता नको. अर्धाच निघालाय."

मी त्यांचं मनगट पकडलं. अंगठ्याचं नख दाबून पांढरं पडलं होतं.

मी पकडलेला हात समोरून कुणीतरी ओढत होतं. बेतानं, थांबत थांबत, काही मोडू नये म्हणून ओढावं तसं.