एकच ठोका

लाइट गेलीच आहे, तर ऐका, पोरांनो. खोटं वाटलं तर हिरामणलाच विचारा. तो आता अंबडला एका कारखान्याच्या गेटवर बसतो.

२००३ सालच्या सप्टेंबरची बारा तारीख, शुक्रवार. रात्री साडेनऊला हिरामण घोटीहून डिझेलचे दोन कॅन जीपमध्ये टाकून निघाला. डोंगरातल्या रंगीत खड्यांच्या खाणीवर तो पोकलेन चालवायचा. गुरुवारी दुपारी खाणीचा कडा कोसळला आणि त्याचा मेहुणा मंगळू आत गाडला गेला. साहेब आले, फीत लावून मोजून गेले, फोटो काढून गेले. मशीनमध्ये डिझेल कोणी घालायचं, या वादात अख्खा शुक्रवार गेला. शेवटी हिरामणच शिव्या हासडत निघाला.

खडे असतात कातळाच्या पोकळीत. एकानं रांगत आत जायचं, दुसऱ्यानं तोंडाशी थांबायचं. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून छिन्नीनं कातळावर ठोकायचं. तीन ठोके म्हणजे मला बाहेर ओढ. एक ठोका म्हणजे वरचं सैल आहे, लांब हो. मशीन येण्याआधी बारा वर्षं मंगळू आत आणि हिरामण तोंडाशी, अशीच जोडी होती.

तो पोचला तेव्हा ढिगाऱ्याशी फुलाबाई, हिरामणची धाकटी बहीण आणि मंगळूची बायको, एकटीच बसली होती. शेडमधला पोलीस म्हणाला, "साहेब आल्याबिगर मशीन चालू करायचं नाय."

"तवर मंगळूनं काय आत दम धरून बसायचं?" हिरामणनं डिझेल ओतलं आणि मशीन चालू केलं.

दीडच्या सुमारास फुलाबाई ओरडली, "दादा, बंद कर! आत ठोकतंय कोणी तरी!"

त्यानं इंजिन बंद केलं.

टक्.

जिवंत आहे! हिरामण पुढच्या दोन ठोक्यांची वाट बघत राहिला. आलेच नाहीत. त्यानं पुन्हा मशीन चालू केलं, बकेट उचलली. या वेळी ठोका सीटखालून अंगात आला. इंजिनच्या आवाजातसुद्धा...

टक्.

"आलोय ना मी! तीन मार, मंगळू! तीन!"

काहीच नाही...

टक्.

संतापानं त्याला रडू फुटलं. दोन दिवस सगळ्यांनी अडवलं, आता हासुद्धा अडवतोय! पण बारा वर्षं पाळलेला ठोका. त्यानं मशीन मागे घेतलं. उडी मारून फुलाबाईला दंडाला धरून ओढत नेलं. ती त्याला बुक्क्या मारत होती. "मागं का घेतलं? तो हाय आत! दादा..."

वरून माती सुटली.

मग... उरलेला कडा आला.

मशीन आधी उभं होतं तिथं घराएवढा दगड बसला.

शनिवारी संध्याकाळी मंगळू सापडला. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी पहिल्या दगडातच गेलाय. दोन्ही हात कोपरापासून चेचलेले. छिन्नी कमरेला खोचलेलीच होती. हिरामणला ते पटेना, म्हणून तो बॅटरी घेऊन पोकळीत रांगत गेला.

मंगळूच्या डोक्याकडच्या कातळावर पांढरे घाव होते. ताजे. सगळे सुटे सुटे.