एका कथेचे दोन होकार

"माझं नाव बुडालं, बाई," लेखिका दारातूनच म्हणाली आणि समोर खुर्ची असूनही उभीच राहिली.

टाचणीने तिला धरून बसवलं. खासगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईला टाचणी हे नाव तिच्या मामांनी ठेवलं होतं, कारण एकदा टोचली की ती सोडत नसे. मामा निवृत्त झाल्यापासून भाचीच्या ऑफिसात ठाण मांडून होते. आपल्यावाचून तिचं पान हलत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

लेखिका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथा लिहायची. वर्षानुवर्षं लिहीत होती. छापून एकही आली नव्हती.

"आणि आता एकच कथा दोन मासिकांनी घेतलीय, एका जुन्या आणि एका नव्या," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग अभिनंदन!" मामा म्हणाले.

"अहो, कथा एका वेळी एकाच मासिकाला द्यायची असते. तिथून नकार आला की मग दुसरीकडे. जुन्या मासिकाने ही केव्हाच नाकारली, म्हणून मी नव्याला पाठवली. त्यांनी घेतली. आणि काल जुन्याच्या संपादकांचा फोन, की आम्ही घेतोय! म्हणजे कोणीतरी माझ्या नावाने ती त्यांना पुन्हा पाठवली. दोन्ही अंक उद्या छापायला जाणार. दोन्हीकडे तीच कथा दिसली की मी लबाड ठरले. मग माझं लिखाण कोण हातात धरेल?"

"नकार तुम्ही स्वतः वाचला होता?" टाचणीने विचारलं.

"वहिनीने सांगितला. मी हाताने लिहिते, ती टाइप करून तिच्या ईमेलवरून पाठवते. शेवट पटला नाही, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून मी शेवट बदलला."

"कथा आणखी कोणाकडे होती?"

"धूमकेतूकडे. माझा लेखकमित्र. महिनोन्महिने गायब असतो, म्हणून ते नाव."

धूमकेतू एका जाहिरात कंपनीत सापडला. प्रश्न ऐकून तो उसळलाच.

"मी तिची कथा पाठवू? माझ्याच साभार परत येतायत! जुन्या मासिकाची ती दोन छापील वाक्यं मला तोंडपाठ झालीत. कारण म्हणून कधी देत नाहीत. एकदा भांडायला गेलो, तर म्हणे, कारण आम्ही कोणालाच कळवत नाही."

"जळतोय," मामा जिन्यात कुजबुजले. "तिला अडकवायला यानेच पाठवली."

"मामा, स्वतःची एकही कथा तिथे लागत नाही, मग तिची लागेल हे त्याला कसं कळणार?"

मामांनी यावर मान डोलावली, पण संशय काही सोडला नाही.

जुन्या मासिकाच्या ऑफिसात कागदांचे गठ्ठे खिडकीपर्यंत पोचले होते. लेखिका संपादकांकडे बघायलाही धजत नव्हती.

"ही कथा कोणी आणून दिली?" टाचणीने विचारलं.

"ईमेलने आली, प्रिंट काढून गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली," संपादक म्हणाले. "आम्ही आलेल्या क्रमानेच वाचतो. वशिला चालत नाही. सध्या मागच्या वर्षीच्या कथा हातात आहेत. लेखक शिव्या घालतात, घालू देत. पण या कथेचा शेवट काय आहे! समुद्र आटलाय, आणि दीपगृहातलं यंत्र स्वतःच दिवा मालवून बंद पडतं." मग त्यांचा आवाज बदलला. "काही गडबड असेल तर आजच सांगा. फसवणाऱ्यांना आमच्याकडे दुसऱ्यांदा जागा नाही."

बाहेर येताच लेखिकेने टाचणीचा हात घट्ट धरला. "हा माझा जुना शेवट आहे. नव्यात दिवा जळत राहतो."

लेखिकेच्या घरी वहिनी संगणकासमोर बसली होती. पडद्यावर काहीच नव्हतं.

"कथा तुम्ही पुन्हा पाठवलीत?" टाचणीने विचारलं.

"शपथेवर सांगते, पुन्हा नाही पाठवली."

"खरं आहे ते. कोणीच पुन्हा पाठवली नाही."

"मग काय कथा चालत गेली?" मामा म्हणाले.

"ती तिथेच होती, मामा. तिथे रांग मोडत नाही आणि आत्ता मागच्या वर्षीचं वाचताहेत. अलीकडे पाठवलेली कथा त्यांच्या हातात पडलीच नसती. शिवाय शेवट जुना. म्हणजे यांनी पहिल्यांदा पाठवलेली कथाच त्यांनी आत्ता वाचली. मग ती आधी नाकारली कोणी? नकारात कारण होतं, आणि ते मासिक कारण कोणालाच देत नाही. तो नकार मासिकाचा नव्हताच. उत्तरं येत होती एकाच माणसाकडे. ईमेल उघडून बघता येईल, वहिनी. पण तुम्हीच सांगितलंत तर बरं."

वहिनीने तोंड हातांनी झाकून घेतलं.

"ही जेवायची नाही. फोन वाजला की दचकायची. दुकानात काचा फोडल्या, मालकाने काढून टाकायची धमकी दिली. मला बघवेना. म्हटलं, एकदाचा नकार तरी येऊ दे. तो येईना, म्हणून मीच सांगितला. दोन दिवस रडली आणि पुन्हा लिहायला बसली. इतके महिने उत्तर नाही म्हणजे ते घेणारच नाहीत, असं मी धरून चालले."

"आणि शेवट पटला नाही, हे?" लेखिकेने विचारलं.

"ते माझं मत होतं. ते यंत्र बंद पडलं की मला रडू यायचं."

टाचणीने फोन वहिनीसमोर सरकवला.

"संपादकांना हे कळलं, तरच यांचं नाव वाचेल," टाचणी म्हणाली.

वहिनीने फोन उचलला. तिने काही लपवलं नाही. "तुमच्या नावाने नकार मी दिला होता, साहेब. हिला यातलं काहीच माहीत नव्हतं." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. ती ऐकत राहिली. शेवटी तिने फोन खाली ठेवला.

"तुझ्यावर राग नाही त्यांचा. कथा नव्या मासिकाला दे म्हणाले, ते माघार घेतात. पुढची मात्र त्यांना हवीय." ती घुटमळली. "टाइप करून देऊ ना मी?"

लेखिका रडत होती. तिने डोळे पुसले, पण वहिनीच्या जवळ गेली नाही.

"टाइप कर," ती म्हणाली. "पण पाठवीन मी. आणि नकार आला, तर तो माझा मला येऊ दे."