शेणानं लिंपलेले बुंधे

चौऱ्याहत्तर साल. रॉकेलची टंचाई होती. साताऱ्याहून तपासाला बोलावलेले विष्णुपंत आणि त्यांचा सोबती मधु वाईवरच्या डोंगरात पोहोचले, तेव्हा माजी हवालदार लालासाहेब आपल्या वीस झाडांतल्या तोडलेल्या सहांपाशी उभे होते.

“पलटणीतनं येताना हिमालयातलं चिडाचं, म्हंजी पाइनच्या झाडाचं, बी आणलं. सोळा वर्सं वाढवलं,” ते म्हणाले. “म्हैन्यानं गावसभा हाय. बोडका डोंगर चिडानं भरायचा, तोडंल तेवढं परत लावायचं, गावाला कायमचं सरपण. आता लोक म्हणतील, ह्याला इस झाडं राखता आली न्हाईत. परवा मी वाईला दवाखान्यात गेलो, तवा हरिबानं दावा साधला. भट्टीला लाकूड मागत हुता, मी दिलं न्हाई. आज फौजदाराकडं जाणार.”

विष्णुपंत वाकले. बुंधे वीतभर उंच, तिरके कापलेले, वर शेणाचा लेप. ओंडके तिथंच, वारा खेळावा असे रचलेले.

“याला पुन्हा फूट येते?”

“बाभळीला येती. चिडाला न्हाई. बुंधा मेला.”

हरिबा भट्टीवर विटा थापत होता. “माज्यावर आळ? दिलं न्हाई म्हणून राग हाय. पण दुष्काळात खांद्यावर पाणी वाहून झाडं जगवली त्या माणसानं. त्याला कुऱ्हाड लावीन व्हय?”

हवालदार आणि त्यांचा धाकटा भाऊ गुंडा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

“आमचा दादा वाईत हिमालय रचतोय,” गुंडा म्हणाला. मधुला हसू आलं.

गुंडाची बायको चंद्राबाई चहा घेऊन आली. “कालच रॉकेल मिळालं, ह्यांनी हात धुण्यात घातलं. आता कंदील चाटायचा का?”

“वंगण लागलं हुतं,” गुंडा पुटपुटला.

विष्णुपंतांनी दोघा भावांना आणि हरिबाला झाडांपाशी बोलावलं.

“हरिबाच असणार,” मधु कुजबुजला.

“भट्टीवाला लाकूड टाकून जाईल का? आणि वैरी बुंध्याला शेण लावत नाही, मधु. जोमानं फुटावं म्हणून आपण शेवग्याला लावतो. तोडणाऱ्याला ही झाडं परत हवी होती, पण चीड ठाऊक नव्हता. चिडाची राळ पाण्यानं निघत नाही, रॉकेलनं निघते. खरं ना, गुंडाजी?”

गुंडानं मान खाली घातली. “सभेपतुर लाकूड वाळलं असतं, बुंध्याला फूट आली असती. गावाला दावायचं हुतं, दादा म्हणतोय त्ये खरं हाय.”

“मला इचारायचंस.”

“तुमी बोलता कुठं?”

“आन सगळ्यांम्होरं हसतोस त्ये?”

“धाकटा हाय न्हवं.”

लालासाहेब हरिबाला म्हणाले, “चुकलो गड्या.” आणि भावाकडं वळले.

“सभेत तू बोलायचं. कसा चुकलास, चीड बियातनंच का लावावा लागतो, समदं सांगायचं. म्हंजी दुसरा कुणी चुकणार न्हाई.”

“लोक हसतील, दादा.”

“हसू देत. मी शेजारी उभा ऱ्हातो.”