डोळ्याखालचं भोक

भिंगारच्या घरात अवधूत जेवायला बसला की आधी मांजराचं तोंड न्याहाळायचा, मग ताटाकडे वळायचा. प्राणिशास्त्राचा प्राध्यापक तो. मिशांना, नाकाला, ओठांना स्पर्श कसा कळतो आणि नामशेष झालेल्या जनावरांना तो कसा कळत असेल, यातच त्याची हयात गेली. कवटीला डोळ्याखाली एक भोक असतं. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस त्यातून जाते. भोक जेवढं मोठं, तेवढं तोंड हळवं, असं तो वरण वाढणाऱ्या बायकोला, विजयाला समजावायचा. तिला काय खुपतं, हे मात्र त्याला सांगूनही कळत नसे.

काष्टीच्या सहादेव नावाच्या शेतकऱ्यानं कधीकाळी विहीर खणताना सापडलेली एक कवटी त्याला कॉलेजात आणून दिली. कुत्र्याएवढी, दगड झालेली, पण कुत्र्याची नव्हे. कुठल्याच माहितीतल्या जनावराची नव्हे. डावी बाजू फुटलेली. उजव्या डोळ्याखालचं भोक भलतंच मोठं.

"आईनं भोकात मेण भरून ठिवलं हुतं," सहादेव म्हणाला. "का, ते तिलाच ठाव. ती गेली. आता मला ही घरात नगं."

अवधूतला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. मेण काढून तो तांब्याच्या तारेनं आतली माती कोरायला बसला.

त्याच दुपारी विजयाच्या उजव्या गालातून अशी कळ गेली, की हातातलं पातेलं सुटलं. मग ती कळ रोजच येऊ लागली. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, मग दुसरी. दोन्ही चांगल्या होत्या.

रविवारी अवधूतनं कवटी घरी आणली. माडीवरच्या खोलीत त्यानं तार आत सरकवली आणि खाली स्वयंपाकघरात विजया किंचाळली. तार थांबवली, किंकाळी थांबली. एकदा झालं तो योगायोग, म्हणून त्यानं पुन्हा केलं. शास्त्रज्ञ पडला ना! मग तार नुसतीच हातात धरून बसला, तर खाली सगळं शांत. पुन्हा सरकवली.

घाबरला तो, नाही असं नाही. माणूस असता तर तिथंच थांबला असता. पण भोकात अजून माती होती आणि अशी कवटी जगात दुसरी नव्हती.

"अहो, मला मारून टाका, पण हे थांबवा," रात्री गाल दाबून विजया रडली. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

"थोडंच राहिलंय," तो बोलून गेला.

"काय राहिलंय?"

"औषधाला गुण यायचा."

चार दिवसांत माती संपली. आतल्या नसेचा आकार मिळावा म्हणून दातांचा साचा घेतात तसलं रबर त्यानं भोकात भरलं आणि घट्ट व्हायला ठेवलं.

विजया धावत जिना चढून आली. "अहो, थांबलं! एकदम थांबलं! गालाला हातसुद्धा कळत नाही."

कित्येक दिवसांनी ती हसत होती. एक माशी तिच्या उजव्या डोळ्यावर बसली, बुबुळावरून चालत गेली. पापणी लवली नाही.

अवधूतनं ते पाहिलं. कळत नाही म्हणजे दुखणारही नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. साचा आत राहू दिला तर तिला पुन्हा कळ येणार नाही, हेही त्याला दिसत होतं. पण मग साचा कुणाला दाखवणार?

"जरा कवटी धरतेस? घट्ट धर."

तिनं दोन्ही हातांनी धरली. इतक्या वर्षांत त्यानं कामात तिची मदत कधी मागितली नव्हती. तिला बरं वाटलं.

त्यानं चिमट्यात रबराचं टोक पकडलं आणि ओढलं.

अडलं.

पुन्हा ओढलं.

साचा अखंड निघाला. कोमट होता.

"आला का हो नीट?" विजयानं विचारलं.

त्यानं वर पाहिलं. तिच्या उजव्या डोळ्याखाली गोल भोक होतं. कोरडं, गुळगुळीत काठांचं. ती अजून हसत होती.

अवधूतनं मोजायला कॅलिपर उचलला.