पाठीवरची चेन

विश्वास ठेवू नका, हरकत नाही. मामांवर आमच्या घरातही कोणी ठेवत नाही. पण जन्मभर दुसऱ्यांच्या थापा पडद्यावर दाखवणाऱ्या या माणसानं स्वतःची एकही थाप कधी मारली नाही. म्हणून सांगतो, हे घडलंय.

थंडीतला मंगळवार. दुपारचा खेळ. थिएटरचा शेवटचा दिवस.

मामा तिथले ऑपरेटर. मामी गेल्यापासून घरी बोलायला फक्त भिंती. त्यापेक्षा मशीनची घरघर बरी. निरोपाला त्यांनी आपला लाडका, जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा मागवला होता. तळ्यातून राक्षस येतो, गावात सोबत शोधत फिरतो, आणि शेवटी गाव त्याला जाळून टाकतं. राक्षस म्हणजे रबरी पोशाखातला नट. पाठीवरची चेन चक्क दिसते. लोक हसायचे.

मामा चिडायचे. "अरे, चेन काय बघता? डोळे बघा. किती एकटा आहे तो!"

"मामा, चिटपाखरू नाही आत," डोअरकीपर खालून ओरडला. "बंद करा नि घरी जा."

"घरी तरी कोण आहे?"

डोअरकीपर हॉलच्या दाराला बाहेरून कडी घालून चहाला गेला. मामांनी सिनेमा सुरू केला.

तळं दिसलं. पाणी हललं...

कोणीच वर आलं नाही.

मामांनी चष्मा पुसला. गावकरी किंचाळत पळत होते. कुत्रं भुंकत होतं. नायिका रिकाम्या कोपऱ्याकडे बघून नेहमीसारखी बेशुद्ध पडली.

राक्षस कुठेच नव्हता.

तेवढ्यात खाली खुर्ची करकरली...

मामांनी झरोक्यातून डोकावलं.

पुढच्या रांगेत कोणीतरी बसलं होतं. दोन खुर्च्या व्यापून. मान एका बाजूला कललेली. सिनेमा बघत होतं. अगदी मन लावून.

पडद्याच्या उजेडात त्याची पाठ दिसली.

चेन नव्हती.

पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला. तो दिसला की ऑपरेटरनं दुसरं मशीन सुरू करायचं. उभ्या नोकरीत मामांचा हात कधी चुकला नव्हता. दुसऱ्या मशीनवर शेवटचं रीळ तयार होतं. मशाली. आग.

खालची मान हळूहळू वळली...

वर. झरोक्याकडे.

दुसऱ्या मशीनचा खटका दाबला असता, तर ते मुकाट्यानं पडद्यात गेलं असतं, जळायला. हे मामांना कसं कळलं, विचारू नका. "ते डोळे..." एवढंच म्हणतात.

पुन्हा ठिपका आला. गेला.

मामांनी हात काढून घेतला.

पडदा पांढराफटक पडला. संपलेलं रीळ फडफडत राहिलं. दिवे लावले, तर खाली कोणी नाही. दाराला बाहेरून कडी तशीच. फक्त पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या... चिंब.

गेल्या आठवड्यात मी मामांकडे गेलो. टेबलावर चहाचे दोन कप भरलेले.

"मी येणार हे कसं कळलं?"

"तू?" मामा हसले. मामींच्या मागे इतके मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. "थांब, तुला करतो."

मी खुर्ची ओढली.

"तिथं नको रे. ओली आहे."

मामांना सोबत मिळाली. भाचा म्हणून मला बरं वाटायला हवं...

पण हल्ली मी आमच्या घरातल्या खुर्च्यासुद्धा हात लावून बघतो. मगच बसतो.