भामाची खुर्ची

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्या मनस्वीसोबत हे घडलं, ती सुकापूरला माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते. तिने मला हे एकदाच सांगितलं. सांगताना तिचं लक्ष सारखं खिडकीबाहेरच्या उन्हाकडे होतं.

गेल्या पौषातली संध्याकाळ. जागा पनवेलच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, जिथे पूर्वी तिचं माहेरचं गाव होतं.

गाव आता नाही. प्रकल्पासाठी उठलं. घरं पडली, शेतांवर भराव पडला, देवही नव्या जागी गेला. मागे उरला तो फक्त तिच्या वडिलांचा, महादेवकाकांचा बंगला. तीन मजले, पुढे जाडजूड खांब, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. चारी बाजूंनी नुसती लाल माती. तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

सगळे गेले. महादेवकाका मात्र हलले नाहीत.

मुलगा प्रितम कामोठ्याला, मुलगी सुकापूरला. दोघांनी हातापाया पडून पाहिलं. म्हाताऱ्याचं एकच उत्तर.

"माजा पाय नाय निघत."

त्या पौषात त्यांना दम्याचा जोराचा झटका आला आणि प्रितमने त्यांना उचलून पनवेलच्या दवाखान्यात आणलं. दुपारी मनस्वी भेटायला गेली, तर त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि तिचा हात घट्ट धरला.

"बाय, आज दिवे लागायच्या टायमाला घरी जा. हॉलमदी खुर्ची हाय. तिच्यावर बस."

"कशाला, बाबा?"

"ती इचारते. उत्तर द्यावा लागतो, तुज्या आयशीच्या आवाजात."

"कोण विचारतं?"

म्हाताऱ्याने मान भिंतीकडे वळवली.

मनस्वीला खुर्ची आठवली. तिची आई, भामा, रोज तिन्हीसांजेला हॉलच्या मधोमध ती लाकडी खुर्ची टाकून बसायची. घरात पाहुणे असोत की लग्न, त्या वेळी ती उठायची नाही. मुलांना वाटायचं, आईची सवय.

दोन वर्षांपूर्वी भामा एकदाच चुकली. नातेवाइकांकडे हळदीला गेली आणि रात्री उशिरा परतली. सकाळी हॉलमध्ये पडलेली सापडली. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. अंगावरची साडी कोरडी होती.

केस मात्र... चिंब ओले होते.

त्या दिवसापासून खुर्चीवर महादेवकाका बसायला लागले.

"बाबा, आईचं काय झालं होतं?" मनस्वीने विचारलं.

"त्या दिशी कोनीच उत्तर दिला नाय," ते म्हणाले आणि त्यांना पुन्हा धाप लागली.

बाहेर पॅसेजमध्ये प्रितम चिडला. "तापात बरळतायत. तू जाऊ नकोस."

"कपडे तर आणायलाच हवेत," ती म्हणाली. पण कपडे हे निमित्त होतं, हे तिलाही कळत होतं.

ती स्कूटीने बंगल्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली...

आवाजच नव्हता.

एवढा मोठा रिकामा हॉल. पण चपलांचा आवाज घुमत नव्हता. फरशी जणू तो पिऊन टाकत होती.

मधोमध खुर्ची होती. तिच्याखालची फरशी बाकीच्या फरशांहून काळपट. मनस्वीने कपडे पिशवीत भरले आणि निघताना दिवा लावला. खुर्चीकडे न बघताच दारापर्यंत आली.

आणि तेव्हा...

कर्रर्र... कर्रर्र...

जुन्या विहिरीवरचा रहाट ओढावा तसा आवाज. पायाखालून.

तिला एकदम आठवलं. आजोबांच्या अंगणात विहीर होती म्हणे. ती बुजवली आणि पुढे तिथेच हा बंगला उभा राहिला. विहीर बुजवली त्याच वर्षी बाबांची धाकटी बहीण, गोदू आत्या, पळून गेली होती. घरात तिचं नावही कुणी घेत नसे. फोटो नाही, पत्ता नाही.

पळून गेली. असंच सगळे सांगायचे.

रहाट थांबला. मग अगदी खालून, खूप खोलातून, एका तरुण मुलीचा आवाज आला.

"वयनी... हायस ना?"

मनस्वी सांगते, पळायचं होतं. दार हातभर अंतरावर होतं. पण आईचे ते ओले केस डोळ्यांपुढे आले. ती मागे वळली आणि खुर्चीवर बसली. पाय वर घेतले.

"वयनी?"

आवाज या वेळी जवळून आला.

"हाय," मनस्वी म्हणाली. आईसारखं.

खाली रहाट एकदा कुरकुरला. मग...

"तुजा आवाज का बदललाय?"

"सर्दी झालीय."

"मला पन," आवाज म्हणाला. "पानी लय थंड हाय, वयनी. दादाला सांग ना आता, पुरे झाला."

मनस्वीला रडू फुटलं. भीतीने की कशाने, ते तिला आजही सांगता येत नाही. "सांगते," ती एवढंच बोलली.

रहाट पुन्हा फिरला. दूर दूर जात बंद झाला.

दवाखान्यात तिने वडिलांच्या कानाशी वाकून निरोप सांगितला. "आत्या म्हणते, आता पुरे झालं."

महादेवकाकांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. त्या विहिरीत काय झालं, कुणी केलं, हे ते बोलले नाहीत. पहाटे गेले.

त्यानंतर मनस्वी रोज संध्याकाळी बंगल्यावर जाते. नवऱ्याला, देवेशला वाटतं, ती दिवा लावायला जाते. मनस्वीचं ऐकून प्रितमने पोलिसांना सांगून फरशी खोदायचा विषय काढला होता. पण मजूर आत शिरले आणि कुदळी तिथेच टाकून परत गेले.

मी तिला म्हटलं, "किती दिवस जाशील? एखाद दिवस आजारी पडलीस तर?"

तिने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.

"ते नाही गं," ती हळू आवाजात म्हणाली. "परवापासून ती मला वयनी म्हणत नाही."

"मग?"

"मनस्वी म्हणते. मी तिला नाव कधी सांगितलंच नव्हतं... आणि परवा तिने विचारलं नाही, हायस ना म्हणून."

"काय विचारलं?"

मनस्वी उठली. बाहेरचं ऊन भिंतीवरून सरकलं होतं. तिने स्कूटीची चावी उचलली.

"म्हणाली, खाली कधी येतेस?"